आदिकाळाची वाट : एका जुन्या चित्रपटाच्या मराठी निवेदनाच्या नोंदी

६ एप्रिल २०२५, रविवार

ठरलं एकदाचं. मेच्या सुट्टीत सोसायटीतल्या मुलांना कारेल झेमान यांचा १९५५ सालचा चेक चित्रपट दाखवायचा, तोही मराठीतून. मूळ नाव 'त्सेस्ता दो प्रव्येकु'. चार मुलगे होडी घेऊन एका गुहेत शिरतात आणि पलीकडे निघतात ते थेट हिमयुगात. तिथून नदीने जसजसं वर जावं तसतसा काळ मागे सरकतो. आधी मॅमथ, मग कट्यारीसारखे सुळे असलेला वाघ, मग डायनोसॉर, मग कोळशाच्या युगातली दलदल आणि अगदी शेवटी तो समुद्र, जिथे जीवसृष्टी जवळजवळ सगळी पाण्यातच होती.

मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा चाळिशी उलटली होती. पाहून झाल्यावर बराच वेळ नुसती बसून राहिले. हे मला आठव्या वर्षी मिळायला हवं होतं, असं वाटत राहिलं. आपल्या ओळखीत हे नाव कुणाला माहीत नाही. ज्यांना डायनोसॉरचे सिनेमे तोंडपाठ आहेत त्यांनाही नाही.

आपल्याकडचा 'जलदीप'ही मनात होता. बालचित्र समितीचा तो पहिला चित्रपट, १९५६चा, केदार शर्मांचा. १९५७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याला मुलांच्या चित्रपटाचं बक्षीस मिळालं होतं. पण दाखवण्याजोगी प्रत हाती आली नाही. तो पुढच्या वर्षासाठी.

आजची अडचण : बहिणीने अमेरिकेतून आणलेली ब्लू-रे डिस्क आमच्या प्लेअरवर चालत नाही. अमेरिका 'ए' विभागात, भारत 'सी' विभागात. भाच्याकडे सगळे विभाग चालवणारा प्लेअर आहे, तो शनिवारी आणतोय. जाहीर खेळ लावायचा तर हक्कदारांची परवानगी काढावी लागेल. म्हणून आमच्याच घरात, दिवाणखान्यात, दहा-अकरा मुलं.

१२ एप्रिल, शनिवार

प्लेअर आला. चित्र इतकं स्वच्छ आहे की होडीच्या कडेचा सोललेला रंग दिसतो. चित्रपट २०१९ साली नव्याने दुरुस्त झाला, या प्रतीच्या स्वच्छपणाचं श्रेय त्या दुरुस्तीला.

मला चेक येत नाही. इंग्रजी उपशीर्षकांवरून काम करणार, पण शंका आली की चेक देशातल्या ब्रनोला राहणाऱ्या मैत्रिणीला विचारणार. ती मूळची सांगलीची, बारा वर्षं तिकडे आहे. आज फोनवर पहिला प्रश्न नावाचाच. ती म्हणाली, "अगं, 'त्सेस्ता' म्हणजे प्रवास, पण रस्त्यालाही 'त्सेस्ता'च म्हणतात." मग मला 'वाट' सुचलं. आपण वाट चालतोही आणि वाट असतेही. 'प्रव्येक' म्हणजे आदिकाळ, मानवाच्या इतिहासाच्याही आधीचा. 'आदिकाळाची वाट'. मैत्रिणीने दोनदा म्हणून पाहिलं आणि "राहू दे हेच" म्हणाली.

इंग्रजीत चालणारं 'आरंभाकडे प्रवास' छापाचं नाव मी घेतलं नाही, कारण त्या नावाने अमेरिकेत १९६६ साली वेगळाच अवतार आला होता. सुरुवात न्यूयॉर्कच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात नव्याने चित्रित केलेली, मुलांची नावं बदललेली. मुलं ओळखू येऊ नयेत म्हणून नवी मुलं पाठमोरी दाखवलेली. लोकांच्या लहानपणीच्या आठवणी त्या अवताराशीही जोडलेल्या आहेत, त्याचा अनादर नाही. पण मला मूळ सुरुवात हवी. तिथे संग्रहालयाची गरजच पडत नाही, एका मुलाच्या हातातला दगड पुरतो.

१५ एप्रिल, मंगळवार

त्या दगडाबद्दल. सगळ्यात धाकटा यिर्का. त्याच्याकडे ट्रायलोबाइटचा जीवाश्म आहे आणि त्याला जिवंत ट्रायलोबाइट पाहायचाय. या एवढ्यासाठी चौघे निघतात. खजिना नाही, खलनायक नाही, हरवलेले वडील नाहीत.

ट्रायलोबाइट म्हणजे झुरळ, विंचू, खेकडा यांच्या गोतावळ्यातला समुद्री जीव. पाठीवर लांबीत तीन भाग, त्यावरून नाव. बहुतेक जाती बोटाच्या पेराएवढ्या ते तळहाताएवढ्या. सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी शेवटचे संपले. आपल्याला हे नाव पुस्तकी वाटतं, पण बोहेमियातल्या, म्हणजे चेक देशाच्या पश्चिम भागातल्या, मुलाला तसं वाटायचं कारण नाही. प्राग शहराच्या आसपासचे खडक या जीवांसाठी जगभर प्रसिद्ध आहेत. जोकिम बारांद नावाच्या फ्रेंच अभ्यासकाने एकोणिसाव्या शतकात त्यांच्यावर आयुष्य घालवलं. त्याच्या नावावरून प्रागच्या एका भागाला 'बारांदोव्ह' नाव पडलं, आणि चेक देशातला सर्वांत मोठा चित्रपट स्टुडिओ त्याच बारांदोव्हमध्ये आहे. म्हणजे तिथे सिनेमाच्या घराला ट्रायलोबाइटवाल्याचं नाव! हे कळल्यावर मी भाच्याला मुद्दाम उठवून सांगितलं.

पण झेमान प्रागचे नव्हेत. ते काम करत ते पूर्वेकडे, झ्लीन गावात. झ्लीन म्हणजे बाटाचं गाव. शाळेचे काळे बूट घातलेल्या प्रत्येक मराठी मुलाच्या पायात या गावाचं नातं असतं, आणि आपल्यातल्या कितीतरी जणांना बाटा ही कंपनी भारतीयच वाटते. टोमाश बाटा इथला चांभार घराण्यातला माणूस. त्याच्या कंपनीने जाहिराती करायला १९३६ साली गावाजवळच्या कुद्लोव्ह टेकडीवर फिल्म स्टुडिओ उभारला. झेमान स्वतः जाहिरात आणि दुकानाच्या काचेमागची मांडणी करण्यातून आलेले. १९४३ साली ते या स्टुडिओत रुजू झाले. आदिकाळाची वाट इथूनच निघाली. तेव्हा गावाचं नाव झ्लीन नव्हतं, १९४९ ते १९९० या काळात ते गोट्वाल्दोव्ह होतं.

खेळाच्या दिवशी दाराशी चपला-बूट निघतील तेव्हा हे सांगायचं. निवेदनात नाही, आधी. (पहिला खर्डा आजवर १४ पानं.)

२० एप्रिल, रविवार

आज उपशीर्षकांची चाचणी. पहिल्या वीस मिनिटांच्या ओळी मराठीत टाकून फाइल तयार केली होती. भाच्याने वेळा जुळवल्या, एका वेळी दोनच ओळी, ओळ निदान तीन सेकंद टिकेल अशी. दोन मुलांना बसवलं, एक सहावीतला, एक दुसरीतली.

सहावीतल्याने सगळं वाचलं. दुसरीतली "बर्फा...चे... त... तुक" इथवर आली की ओळ पळायची. त्याहून वाईट म्हणजे सहावीतल्यानेही चित्र नीट पाहिलं नव्हतं. मॅमथ कुठल्या बाजूने आला विचारलं तर गप्प. त्याची नजर पूर्ण वेळ पडद्याच्या खालच्या कडेला होती.

तो प्रसंग असा आहे की मुलांची होडी बर्फाच्या तुकड्यांमधून चाललीये आणि दूर काठावर धुरकट उजेडात तो केसाळ डोंगर चालत जातो. हल्ला नाही, धडधडणारा ढोल नाही. तो जातो आणि मुलं त्याच्याकडे पाहत राहतात. असा प्रसंग ज्याने वाचून घालवला त्याला आम्ही काय दाखवलं?

उपशीर्षकं रद्द. आवाजी निवेदन करायचं. मूळ चेक आवाज हळू, मी कोपऱ्यात दिवा घेऊन बसणार आणि मराठीत बोलणार. सगळी पात्रं मी एकटी नाही करणार. पेत्र हा मोठा मुलगा चित्रपटात ही हकिकत सांगतो, त्याचाच आवाज धरून चालायचं. चौघे प्रवासाची डायरी ठेवतात, म्हणजे सांगणाऱ्याचं रूप आधीपासून कथेतच आहे.

२७ एप्रिल, रविवार

शाळेच्या परीक्षा संपल्या. मुलं रोज विचारतात, "मावशी, कधी?"

आजचा दिवस एकाच प्रसंगात गेला. रात्री दोन प्राण्यांची झुंज होते, स्टेगोसॉरस आणि शिकारी सेरॅटोसॉरस. झुंज संपल्यावर मुलं मरून पडलेल्या स्टेगोसॉरसजवळ जातात. त्याच्या अंगावर चढतात. पाठीवरच्या त्या मोठ्या पाकळ्या हाताने चाचपतात. मी हा तुकडा बावीस वेळा थांबवून पाहिला.

झुंजीतला प्राणी लहान आहे, सांधे असलेली बाहुली. तिला केसभर हलवायचं, एक छायाचित्र घ्यायचं, पुन्हा केसभर हलवायचं. एका सेकंदाला २४ चित्रं. पण मेलेला प्राणी खऱ्या आकाराचा बांधलाय, कारण मुलांना त्यावर चढायचंय. आणि इतर ठिकाणी तिसरीच युक्ती : दूरचे प्राणी चपटे, एका बाजूने दिसणारे कापीव. पुढे खरं पाणी, खरी होडी, खरी मुलं आणि मागे नदीच्या काठाच्या रेषेवर जोडलेलं लहान जग. सांधा लपतो तो पाण्याच्या कडेत. झेमान यांनी कुठलीही एक युक्ती फार वेळ वापरली नाही. डोळ्याला तिची सवय होण्याआधी दुसरी पुढे केली. काचेमागे मांडणी करणाऱ्याला माहीत असतं, जाणारा माणूस कुठून पाहणार आणि किती वेळ पाहणार.

आणि तरी मला खरी मोहिनी युक्तीची वाटत नाही. ती त्या सकाळची आहे. रात्री भीती वाटली होती. सकाळी मुलं पळून जात नाहीत, जवळ जातात. त्यांना कळतं की असं पाहायला मिळणारे आपणच पहिले, म्हणून नीट पाहून ठेवायचं. आजच्या कुठल्याही मोठ्या साहसपटात या जागी मेलेला प्राणी पुन्हा उठला असता. इथे तो मेलेलाच राहतो आणि मुलं शांतपणे त्याचं निरीक्षण करतात. मुलाच्या कुतूहलाला एवढा मान देणारी दुसरी जागा मला चटकन आठवत नाही.

मी इथे निवेदनात दीड पान लिहिलं होतं : पाकळ्या कशासाठी, शेपटीचे काटे किती. वाचून पाहिलं. मुलं चाचपत असताना मी बडबडत होते. सगळं खोडलं. एकच वाक्य ठेवलं : "आता तो कुणालाच काही करणार नव्हता."

३ मे, शनिवार

वादाचा दिवस. भाचा भूगर्भशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि त्याचं म्हणणं, चित्रपटात चुका आहेत, त्या दुरुस्त करूनच सांग.

त्याचं खरं आहे. चित्रपटाचे सल्लागार होते जीवाश्मतज्ज्ञ योसेफ आउगुस्ता, आणि प्राण्यांची रूपं आली ती झ्देन्येक बुरियान या चित्रकाराच्या चित्रांवरून. दोघंही त्या काळातले अधिकारी. पण तो काळ १९५५ चा. तेव्हा ब्रॉन्टोसॉरस म्हणजे पाण्यात डुंबणारं जड धूड, डायनोसॉरची शेपूट जमिनीवरून घासत जाणारी. आज आपल्याला माहीत आहे की ते लांबमाने प्राणी जमिनीवर चालायचे आणि शेपूट वर तोललेली असायची. शिवाय शिंगांचा स्टायरॅकोसॉरस आणि पाकळ्यांचा स्टेगोसॉरस यांच्या काळात सात कोटींहून अधिक वर्षांचं अंतर आहे, नदीच्या एका वळणाचं नाही.

माझं म्हणणं, चित्रपट चालू असताना मध्येच "मुलांनो, हे चूक आहे" म्हणायचं नाही. ती चूक नाही, ते त्या वेळचं ज्ञान आहे. झेमान यांनी मनाला येईल ते रंगवलं नाही, जाणत्या माणसाला विचारून रंगवलं. मुलांच्या चित्रपटासाठी १९५५ साली जीवाश्मतज्ज्ञाला बोलावून आणलं, यातच त्यांची मुलांविषयीची निष्ठा दिसते.

शेवटी तोड निघाली. खेळ झाल्यावर भाचा एका मोठ्या कागदावर तक्ता लावेल : तेव्हा काय वाटत होतं, आता काय कळलंय, कशावरून कळलं. तो तक्ता त्याने रात्रीच काढायला घेतला. मजकुराला हात न लावता त्याने मला एक बदल सुचवला आणि तो मी मानला : 'लाखो वर्षांपूर्वी' हा शब्द सगळीकडे सरसकट नको. मॅमथला हजारो, डायनोसॉरला कोटी. मुलांना फरक कळतो.

८ मे, गुरुवार

खर्डा ३१ पानांवरून १२ पानांवर आला. काढून टाकलेल्यातलं बरंचसं अवघड जागा सोप्या करणारं होतं. 'गुहेतून काळ कसा मागे गेला' याचं स्पष्टीकरण मी स्वतः रचून घातलं होतं, चित्रपटात ते नाही. मुलं होडी वल्हवतात, पलीकडे बर्फ असतो, झालं. गोष्ट ऐकणारं मूल "एक होता राजा" म्हटल्यावर कुठला राजा विचारत नाही.

एक शब्द मात्र भरपूर वेळ खाऊन गेला. नदीने वर जाणं म्हणजे काळात मागे जाणं, हे मराठीत मुलाला पटकन कसं कळावं? 'प्रवाहाविरुद्ध' जड वाटतं. 'वरच्या अंगाला' म्हणावं तर आमच्या मुलांनी नदी पाहिलीये ती पुलावरून. रात्री आईला विचारलं. ती कृष्णेकाठची. म्हणाली, "उगमाकडे म्हण की." बस. "आम्ही उगमाकडे निघालो." पहिल्यांदा आल्यावर हेच वाक्य प्रत्येक युगाच्या उंबरठ्यावर परत परत यायचं.

१४ मे, बुधवार

तालीम. दिवा डोळ्यांवर येतो, कागदाला आडोसा हवा. चौघांची नावं : पेत्र, तोनीक, येन्दा, यिर्का. मैत्रिणीकडून उच्चार तपासून घेतले. दलदलीतल्या मोठ्या चतुराच्या जागी मी थांबायला विसरते.

१८ मे, रविवार

अकरा मुलं, चार मोठी माणसं, पडदा म्हणून पांढरी चादर. आधी दाराशी बूट मोजले : तीन जोड बाटाचे. झ्लीनची गोष्ट सांगितली. एकाने आपला बूट उलटा करून तळव्यावरचं नाव सगळ्यांना दाखवलं आणि तो आत घेऊन बसला.

पहिली पाच-सात मिनिटं चुळबुळ. "यात काय होणारे?" असं मागून आलं. मग मॅमथ आला आणि खोली शांत झाली. भीतीने नाही. पंखा ऐकू येत होता.

"आम्ही उगमाकडे निघालो" हे वाक्य तिसऱ्या वेळेला मुलांनी माझ्या आधी म्हटलं. चौथ्या वेळी मी म्हटलंच नाही, त्यांच्यावर सोडलं. उडणारे टेरानोडॉन होडीवरून झेपावले तेव्हा पुढच्या रांगेतल्या सगळ्यांनी माना खाली घातल्या. सत्तर वर्षांपूर्वी बसवलेले ते पंख अजून चालतात.

स्टेगोसॉरसच्या सकाळी माझं एक वाक्य झालं आणि सहावीतला तो मुलगा हळूच म्हणाला, "ते खरंच हात लावतायत." नंतर तोच मला सांगत होता की संगणकावर केलेल्या डायनोसॉरला कुणाचा हात लागल्यासारखा वाटत नाही. त्याला हे कुणी शिकवलेलं नव्हतं.

शेवटचा प्रसंग. समुद्राचा काठ, उजाड, हिरवं काहीच नाही. यिर्काला जिवंत ट्रायलोबाइट सापडतो. इथे मी पहिल्या खर्ड्यात तीन परिच्छेद लिहिले होते, मग एक, मग दोन ओळी. आज सकाळी त्या दोन ओळींवरही काट मारली. दिवा विझवला आणि गप्प बसले.

दुसरीतली चिमुरडी उठून उभी राहिली, पडद्यावर तिची सावली पडली. कुणी तिला खाली बस म्हटलं नाही. ती म्हणाली, "तोच! तोच तो!"

१९ मे, सोमवार

सकाळी सहा मुलं दारात. प्रश्न : आपल्याकडे ट्रायलोबाइट कुठे सापडतो? भाच्याने उत्तर दिलं. पुण्याखाली सगळा काळा दगड, ज्वालामुखीचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. ट्रायलोबाइट संपले त्याला तेव्हाच अठरा कोटींच्या वर वर्षं झाली होती, त्यामुळे सह्याद्रीत तो मिळणार नाही. हिमाचलात स्पितीला मिळतो. मुलांची तोंडं उतरली. मग त्याने सांगितलं की डायनोसॉरची हाडं मात्र महाराष्ट्रात मिळालीत, चंद्रपूर जिल्ह्यात, पिसदुऱ्याला. एकीची आजी वरोऱ्याची निघाली. वरोऱ्याहून पिसदुरा जवळच. तिने तिथूनच आजीला फोन लावला.

दुपारी पार्किंगमध्ये खडूने स्टेगोसॉरस काढला, खऱ्या मापाचा. मोठा प्राणी नऊ मीटरपर्यंत भरायचा, पण जागा मिळाली सात मीटर, म्हणून तरुण स्टेगोसॉरस असं ठरलं. सुतळी ताणून माप घेतलं. सहावीतल्याने डायरीत लिहिलं : लांबी ७ मीटर, पाठीवर पाकळ्या १७, शेपटीला काटे ४. पाकळ्यांचा आकडा त्याने पुस्तकातून शोधून आणला होता. रात्री पहिल्या मजल्यावरच्या काकांनी आपली गाडी बाहेर रस्त्यावर लावली, शेपटीवर चाक येऊ नये म्हणून.

२१ मे, बुधवार

काल संध्याकाळपासून पाऊस. वळिवाचा म्हणावा तर थांबेना. पार्किंगमध्ये पाणी आत आलं, स्टेगोसॉरसचं डोकं आणि पुढचे पाय धुऊन गेले, पाकळ्या तेवढ्या राहिल्यात.

पुढच्या खेळासाठी सुधारणा : दिव्याला पुठ्ठ्याची टोपी. चेक आवाज आणखी थोडा मोठा चालेल, मुलांना तो आवडला, "आहोय" हा नमस्काराचा शब्द सगळी आता एकमेकांना म्हणतात. निवेदन ९ पानांवर आणायचं. गुहेच्या जागी अजून दोन वाक्यं जास्त आहेत.

मैत्रिणीला सगळं लिहून पाठवलं. तिचं उत्तर आलंय : पुढच्या महिन्यात ती प्रागला जाणार आहे, चार्ल्स पुलाजवळ झेमान यांचं संग्रहालय आहे तिथे. काय आणू, विचारते. मुलांना विचारून सांगते म्हटलं.